टेप कमरेपाशी थांबतो

आगरदांड्याहून सुटलेली जंगलजेट्टी, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट, पंधरा-वीस मिनिटांत दिघीच्या धक्क्याला लागते. गाड्या उतरतात, पर्यटक दिवेआगरच्या रस्त्याला लागतात आणि गाव पुन्हा आपल्या कामाला जुंपतं. अशाच एका दुपारी ओळखीच्या घराच्या ओटीवर बसलो होतो. आशाताई फॉर्म भरायला आल्या होत्या. घरचा कर्ता माणूस पन्नाशीच्या आसपासचा. आधी वीसेक वर्षं होडीवर जायचा, आता टेम्पो चालवतो. दंड, खांदे, पोटऱ्या अजून खलाशाच्या. फक्त बनियनखाली पोट पुढे आलेलं.

“भाऊ, पोट आत ओढू नका. श्वास सोडा,” ताई म्हणाल्या. टेप फिरला. ९६ सेंटिमीटर.

सरकारच्या या सी-बॅक फॉर्ममध्ये वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कुणाला साखर किंवा बीपी, असे प्रश्न असतात. पुरुषाचा घेर ९१ ते १०० मध्ये भरला तर एक गुण, शंभरच्या पुढे गेला तर दोन. बाईचा ८० च्या पुढे गेला की गुण सुरू. गुण वाढले की माणसाला तपासणीसाठी आधी बोलवायचं. ताईंनी रकाना भरला, साखर तपासून घ्या म्हणाल्या, आणि टेप गुंडाळून पिशवीत टाकला.

मला बोलायचं आहे ते त्या टेपच्या पुढचं. ९६ हा आकडा साखरेबद्दल बोलतो हे आता खेड्यापाड्यांत पोचलं आहे. तोच आकडा मोठ्या आतड्याबद्दलही बोलतो, हे मात्र ना फॉर्म भरणाऱ्याला सांगितलेलं असतं, ना भरून घेणाऱ्याला. आणि ही काही काल लागलेली बातमी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००२ सालीच जादा चरबीमुळे बळावणाऱ्या कॅन्सरांमध्ये मोठ्या आतड्याचं नाव घातलं होतं. २०१६ मध्ये ती यादी तेरा कॅन्सरांपर्यंत गेली. आतडं तिच्यात पहिल्यापासून आहे.

धोका किती वाढतो, हे नीट सांगायला हवं. घाबरवून काही साधत नाही. लठ्ठ माणसाला हा कॅन्सर होण्याची शक्यता सडसडीत माणसाच्या तुलनेत साधारण तीस टक्क्यांनी जास्त असते. मधुमेह असेल तरी वाढ जवळपास तेवढीच. पुरुषांत पोटाच्या चरबीचा हा संबंध बायकांपेक्षा ठळक दिसतो. तंबाखूचा फुफ्फुसाशी जो संबंध आहे त्याच्यासमोर हे प्रमाण लहान आहे, यात शंका नाही. पण तंबाखू सगळेच ओढत नाहीत. पोट मात्र घरोघरी आहे. आयसीएमआरच्या पुढाकारानं झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत जवळजवळ ४० टक्के प्रौढांचा पोटाचा घेर मर्यादेबाहेर निघाला. मधुमेही १० कोटींवर, आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले साडेतेरा कोटी. लहान धोका इतक्या माणसांवर पसरला की तो लहान राहत नाही.

आता ओटीवरच्या त्या माणसाकडे पुन्हा पाहू. रस्त्यावर त्याला कुणी जाडा म्हणणार नाही. वजनकाट्यावरही तो फारसा अडकणार नाही. ही आपल्या लोकांची जुनी फसगत आहे, आणि ती उघडी पाडली पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये एक फोटो छापून आला. शेजारी शेजारी उभे असलेले दोन डॉक्टर, एक याज्ञिक आणि दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२. त्याच गटानं पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं सगळ्या मापांत लहान, पण चरबीत त्या मानानं फारशी मागे नाहीत. म्हणजे हाडापेरानं बारीक आणि आतून तुपकट ही आपली घडण जन्मापासूनची आहे. म्हणूनच भारतीयांसाठी घेराची मर्यादा पुरुषाला ९० आणि बाईला ८० अशी कडक ठेवली आहे. काटा आपल्याला निर्दोष सोडतो. टेप सोडत नाही.

पोटातली ही चरबी करते तरी काय? अगदी १९९० च्या दशकापर्यंत वैद्यकही तिला कोठारच समजायचं. धान्य उरलं की कणगीत भरावं तशी. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांना लेप्टिन सापडलं आणि कळलं की चरबी बोलते. ती रक्तात संप्रेरकं सोडते, म्हणजे ती एक ग्रंथीच आहे. आतड्यांभोवतीची, यकृताजवळची चरबी वाढली की लेप्टिन वाढतं, आवर घालणारं ॲडिपोनेक्टिन उतरतं, आणि शरीरात एक मंद, न जाणवणारा दाह धुमसत राहतो. ताप नाही, दुखणं नाही. चुलीतल्या राखेखालच्या निखाऱ्यासारखा.

यातलं सगळ्यात वजनदार नाव मात्र इन्सुलिनचं. आपण त्याला साखरेचा कारभारी म्हणून ओळखतो. त्याचं दुसरं काम पेशींना ‘वाढा’ असा निरोप देण्याचं आहे. पोट सुटलं की स्नायू आणि यकृत इन्सुलिनचं ऐकेनासे होतात, स्वादुपिंड मग ते आणखी ओततं. रिपोर्टात साखर अजून बरोबर दिसत असते, कारण इन्सुलिन दुप्पट राबत असतं. ही स्थिती वर्षानुवर्षं चालते. वाढलेल्या इन्सुलिनमुळे यकृतातून येणारी बांधून ठेवणारी प्रथिनं घटतात, आणि आयजीएफ-१ नावाचं वाढीला चालना देणारं संप्रेरक रक्तात अधिक मोकळं फिरू लागतं. साखरेच्या कामात इन्सुलिनला दाद न देणारं शरीर या वाढीच्या निरोपाला मात्र चटकन दाद देतं.

आणि हा निरोप पोचतो कुठे, तर शरीरातल्या एका फार घाईच्या कारखान्यात. मोठ्या आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. जुन्या पेशी गळतात, खालून नव्या वर सरकतात. इतक्या वेगानं नकला काढताना चुका होणारच. एरवी चुकलेली पेशी स्वतःहून मरते. भोवती सतत ‘वाढ, मरू नकोस’ असा पुकारा असेल, तर ती तगते. अस्तरावर एक कोंब उगवतो, पॉलिप. बहुतेक पॉलिप आयुष्यभर निरुपद्रवी राहतात. काहींचा दहा-एक वर्षांत कॅन्सर होतो.

हे सगळं प्रयोगशाळेतलं तर्कट नाही, याची साक्ष निसर्गानंच दोन टोकांना उभी केली आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या विकारानं ज्यांच्या शरीरात वाढीचं संप्रेरक आणि आयजीएफ-१ फार होतं, हातपाय-जबडा मोठे होतात, अशा ॲक्रोमेगलीच्या रुग्णांना आतड्यात पॉलिप अधिक होतात. निदान झालं की त्यांची कोलोनोस्कोपी करा असं डॉक्टरांना सांगितलेलं असतं. दुसरं टोक दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरच्या डोंगराळ गावांत आहे. तिथे लॅरॉन सिंड्रोम असलेली ठेंगणी माणसं राहतात. त्यांच्या शरीरात आयजीएफ-१ अगदीच कमी. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा सुमारे शंभर माणसांची बावीस वर्षांची हकीगत होती: मधुमेह कुणालाही नाही, आणि कॅन्सर एकाच व्यक्तीला, तोही जीवघेणा नव्हे. त्यांच्यातली कित्येक माणसं लठ्ठ होती, ही यातली विचार करायला लावणारी गोष्ट. चरबी होती, पण वाढीचा निरोप पोचत नव्हता.

अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या स्कॉट वॉल्डमन यांच्या प्रयोगशाळेनं आणखी एक धागा हाती दिला. आतड्याचं अस्तर स्वतःच ग्वानिलिन नावाचं संप्रेरक बनवतं. ते अस्तराच्या पेशींना आळा घालतं, शिस्तीत ठेवतं. २०१६ मध्ये त्यांनी दाखवलं की उंदरांना भरमसाट उष्मांक चारले की ग्वानिलिन बनणं बंद पडतं आणि गाठी वाढतात. त्याच जाड उंदरांत ग्वानिलिन चालू ठेवण्याची जनुकीय व्यवस्था केली, तेव्हा उंदीर जाडच राहिले, गाठी मात्र रोखल्या गेल्या. उंदरांचं सगळं माणसांना लागू पडतं असं नाही. पण अति खाण्यानं आतड्याचा राखणदारच गप्प होतो, ही कल्पना मला फार गंभीर वाटते. माणसाच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही हे संप्रेरक जवळजवळ नाहीसं झालेलं आढळतं.

आता दिघीला या सगळ्यात का ओढायचं? या किनाऱ्यावर हा आजार अजून दुर्मीळ समजला जातो, आणि आकडे तसंच सांगतात. भारतात लाखामागे वर्षाला पाचेक नवे रुग्ण. ऑस्ट्रेलिया-युरोपात तीसच्या पुढे. आपल्याकडे मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ पासून आहे आणि ग्रामीण महाराष्ट्रातली बार्शीची १९८७ पासून. या दोहोंत आतड्याचा कॅन्सर शहरात जास्त आणि खेड्यात कमी, हे सातत्यानं दिसत आलं आहे. म्हणून आपण निर्धास्त. माझा आक्षेप याच निर्धास्तपणाला आहे. आजचा आकडा हा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या जगण्याचा हिशेब असतो. तेव्हाचं दिघी वेगळं होतं.

तेव्हा होडी वल्ह्यावर आणि शिडावर बरीच चाले, जाळं हातानं ओढलं जाई, कोळणी पाटी डोक्यावर घेऊन बोर्लीच्या बाजाराला चालत जात. ताटात तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, मासे, सुकट, आणि थंडीत वाल. पोपटीच्या मडक्यातल्या वालाच्या शेंगा आपण हौस म्हणून खातो, पण वालासारख्या कडधान्यातला चोथा मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं अन्न आहे. ते त्याचं ब्युटिरेट बनवतात, आणि अस्तराच्या निरोगी पेशी त्यावर जगतात. डेनिस बर्किट या आयरिश सर्जननं आफ्रिकेतली खेडी पाहून १९७१ मध्ये चोथ्याचा आणि या कॅन्सरचा संबंध मांडला. २०१५ मध्ये एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतले वीस कृष्णवर्णीय आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातले वीस जण, यांच्या थाळ्या दोन आठवडे अदलाबदल केल्या. अमेरिकनांना चोथ्याचं जेवण, खेडुतांना बर्गर-तळणाचं. फक्त चौदा दिवसांत अमेरिकनांच्या अस्तरातला दाह आणि पेशींची घाई उतरली, आणि खेडुतांची चढली.

त्या खेडुतांच्या जागी आज आपला किनारा आहे. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळानं श्रीवर्धन तालुक्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. ज्या वाडीत रोज शिंपणं, उकरणं, सोलणं असायचं ती कामंच कितीतरी घरांतून गेली. २०२१ मध्ये दिघी बंदर अदानी पोर्ट्सनं ७०५ कोटींना घेतलं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं मंजूर केलेल्या बारा औद्योगिक शहरांत दिघीचं नाव आहे. रोजगार येणार असेल तर त्याचं स्वागतच करायला हवं. इथल्या पोरांनी किती पिढ्या मुंबईच्या आणि आखाताच्या वाटेकडे डोळे लावायचे? पण येणारी कामं कसली असतील ते पाहा. स्टिअरिंगवर, क्रेनच्या केबिनमध्ये, गेटवरच्या खुर्चीत, संगणकापुढे. रात्रपाळी असेल. नाक्यावर वडापाव, चायनीजची गाडी आणि थंड पेयाची बाटली असेल. पगार हातात आल्यावर दारूही वाढते, आणि दारू स्वतःच या कॅन्सरचं सिद्ध कारण आहे. जपानमधून हवाईला गेलेल्या लोकांत हा कॅन्सर एका पिढीत गोऱ्या अमेरिकनांच्या बरोबरीला आला. त्यांना त्यासाठी समुद्र ओलांडावा लागला होता. आपल्याकडे तो बदल धक्क्याला येऊन लागतो आहे.

आणखी एका गोष्टीमुळे पोटाचा आणि या कॅन्सरचा संबंध डोळ्यांआड राहतो. परळच्या टाटा रुग्णालयानं एका वर्षातल्या मोठ्या आतड्याच्या ८०० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. सरासरी वय ४७. पाश्चात्त्य देशांत हा साठी-सत्तरीचा आजार समजतात. आपल्याकडच्या या तरुण रुग्णांत सगळे पोट सुटलेले नसतात, हे मी मुद्दाम नोंदवतो. काहींत आनुवंशिक दोष असतो, काहींत गाठीची जातच वेगळी आणि आक्रमक असते, आणि काहींचं कारण कळतच नाही. जाड माणसाकडे बोट दाखवून सुटका करून घेणं अन्यायाचं ठरेल. पण ज्यांचं पोट कारणीभूत होतं त्यांचंही पोट रुग्णालयात पोचेपर्यंत उतरलेलं असतं. आजारानं माणूस खंगतो. डॉक्टरांसमोर बसलेला असतो तो हाडकुळा माणूस. दहा वर्षांपूर्वीचा ९६ सेंटिमीटरचा घेर कुठल्याच केसपेपरवर नसतो.

माझ्या काकांचं असंच झालं. याच किनाऱ्यावरचे, साखर होती, ढेरी होती, हसतमुख होते. शौचातून रक्त जायला लागलं. “उष्णता झाली रे, दुसरं काही नाही,” म्हणायचे. काकी सब्जाचं पाणी द्यायची, दही-ताक द्यायची. मग रस्त्याकडेच्या पाटीवर मूळव्याध-भगंदर वाचून एका इलाज करणाऱ्याकडे गेले. त्यानं न तपासता मोड आहे म्हणून सांगितलं आणि मलम दिलं. ते अकरा महिने चाललं. वजन उतरलं तेव्हा सगळ्यांना बरंच वाटलं. डॉक्टरांनी सांगितलेलं एकदाचं ऐकलं म्हणून मीही त्यांचं कौतुक केलं होतं. परळला पोचलो तेव्हा गाठ यकृतापर्यंत गेलेली होती. बोटानं केलेली दोन मिनिटांची तपासणी अकरा महिन्यांपूर्वी झाली असती तर गाठ हाताला लागली असती, असं तिथल्या डॉक्टरांनी काकीला सांगितलं. लाजेपोटी काकांनी ती कधी करू दिली नसती, हेही तितकंच खरं.

मूळव्याध असलेल्या माणसालाही कॅन्सर होऊ शकतो; एक आहे म्हणून दुसरं नाही, असं ठरत नाही. गाठ आतड्याच्या उजव्या बाजूला असेल तर रक्त दिसतही नाही. नुसता अशक्तपणा येतो, हिमोग्लोबिन उतरतं. पाळी चालू असलेल्या बाईचं समजू शकतो, पण पन्नाशीच्या पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं रक्त कमी झालं तर नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही. रक्त जातंय कुठे हे शोधावं लागतं. पोट साफ होण्याची वर्षानुवर्षांची सवय अचानक बदलली आणि तशीच राहिली, तर तीही खूण आहे.

अमेरिकेत २०२१ पासून मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी पन्नासऐवजी पंचेचाळिसाव्या वर्षी सुरू करा असं सांगतात. आपल्या सरकारी मोहिमेत तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरांची तपासणी आहे. आपल्याकडे बळी जास्त यांचेच, त्यामुळे क्रम चुकला असं मी म्हणणार नाही. सगळ्या गावाची कोलोनोस्कोपी करा असंही म्हणणार नाही. त्यासाठी दिघीच्या माणसाला मोठं शहर गाठावं लागतं. पण शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी साधी चाचणी असते. घेर मर्यादेबाहेर, साखर आहे, पंचेचाळिशी उलटली आहे, किंवा सख्ख्या नात्यात कुणाला हा कॅन्सर झाला आहे, एवढ्यांपुरती तरी ती प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळायला हवी. ज्या फॉर्मनं घेर मोजला त्याच फॉर्मनं हा पुढचा प्रश्न विचारायला हवा.

हल्ली वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा आहे. मार्च २०२५ मध्ये त्यातलं मौंजारो भारतात आलं. या गटातली आधीची औषधं घेणाऱ्या मधुमेहींना इन्सुलिन घेणाऱ्यांपेक्षा आतड्याचा कॅन्सर कमी झाला, असं अमेरिकेतल्या नोंदींवरून २०२३ मध्ये मांडलं गेलं. नोंदींवरून काढलेला निष्कर्ष म्हणजे प्रयोगानं सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, आणि टेम्पो चालवणाऱ्याच्या खिशाला त्यांचा महिन्याचा खर्च झेपणारही नाही. त्याच्यासाठी वाल, नाचणी, चालणं, दारूला आळा आणि वेळेवर विचारलेला एक प्रश्न, एवढंच हाताशी आहे.

त्या दुपारी मी आशाताईंना विचारलं, “ताई, शौचावाटे रक्त जातं का, हे कुणाला विचारता का हो?”

“लोक सांगत नाहीत ते,” त्या म्हणाल्या. “बायका एकवेळ माझ्याजवळ बोलतील. पुरुष कुठले?”

तो माणूस शर्टाची बटणं लावत होता. खाली बघतच म्हणाला, “ते तर आमचं कधीमधी पडतं. मिरचीचं जास्त झालं की.”

ताईंनी पिशवीत टाकलेला फॉर्म परत बाहेर काढला, उलटा करून कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, “किती महिने झाले, भाऊ?”